लॅपटॉपला कोणती रॅम चालेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यात किंवा सोसायटीत कुणाचा लॅपटॉप मंदावला की मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आठ जीबीची रॅम ऑनलाइन बघून ठेवलीय, मागवू का?’ माझं उत्तरही ठरलेलं. रॅम नंतर, आधी लॅपटॉप बघा. खालचे प्रश्न अशाच फोनांमधून जमले आहेत.

रॅम वाढवली की लॅपटॉप नक्की पळायला लागेल का?

रॅम कमी पडत असेल तरच. ते तपासायला पाच मिनिटं पुरतात. रोज जे जे एका वेळी उघडं असतं ते सगळं उघडा: ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, एक्सेल, टॅली, झूम, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. वापर ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल तर रॅमच कमी पडतेय. पन्नास-साठ टक्क्यांतच असेल तर नवी रॅम घालूनही फारसा फरक पडणार नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

ते दुसरीकडचं दुखणं बहुतेक वेळा फिरणारी जुनी हार्ड डिस्क असते. तसं असेल तर पहिले पैसे एसएसडीवर, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर घाला. इथे एक गंमत मात्र लक्षात ठेवा. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही माल डिस्कवर नेऊन ठेवतं, म्हणून रॅम कमी असली तरीही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के दिसतो. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, नुसता डिस्कचा आकडा बघून निकाल देऊ नका.

माझ्या लॅपटॉपची रॅम वाढवता येते की नाही, हे न उघडता कसं कळेल?

त्याच ‘मेमरी’च्या पानावर खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं असतं. ‘२ पैकी १’ दिसलं तर एक जागा रिकामी असण्याची आशा आहे. त्याखाली ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर निदान एक काढता-घालता येणारी पट्टी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर चिपा मदरबोर्डवर झाळलेल्या आहेत, त्या घरी बदलता येत नाहीत.

या माहितीवर शंभर टक्के विसंबू नका. बायॉस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातच साठवलेला प्रोग्राम) जे सांगतं तेच विंडोज दाखवतं आणि बायॉस कधीकधी बिनधास्त थाप मारतं. एकही स्लॉट नसलेल्या लॅपटॉपवर मी ‘८ पैकी ८’ असं पाहिलंय. खरा पुरावा म्हणजे तुमच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवो, डेल, एचपी आपल्या बऱ्याच मॉडेलांची मॅन्युअलं संकेतस्थळावर फुकट ठेवतात. मागचं झाकण कसं उघडायचं, रॅम कुठे आहे, हे त्यात चित्रांसह दिलेलं असतं. मॉडेलचं पूर्ण नाव लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरून घ्या. एकाच नावाच्या मालिकेत एका मॉडेलला दोन स्लॉट आणि दुसऱ्याला एकही नाही, असं सर्रास असतं.

रॅमच्या प्रकाराच्या नावात ‘एलपीडीडीआर’ असेल तर जवळजवळ नेहमीच रॅम पक्की झाळलेली असते. अपवाद आहे तो एलपीकॅम२ या नव्या प्रकाराचा, ज्यात कमी वीज खाणारी मेमरी स्क्रूने बसवलेल्या चपट्या मॉड्यूलवर येते. २०२४ च्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत ती आली, पण तुमच्या-माझ्या हातात पडणाऱ्या लॅपटॉपांत अजून क्वचितच दिसते.

मॅकबुकचं काय?

२०१२ च्या मध्यात आलेला, रेटिना पडदा नसलेला मॅकबुक प्रो हा रॅम बदलता येणारा शेवटचा. त्याच वर्षी आलेल्या रेटिना मॉडेलपासून रॅम बोर्डावर झाळलेली आहे. २०२० च्या एम१ पासून तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसली. मॅक घेतानाच पुढच्या पाच-सहा वर्षांचा हिशेब करायचा, दुसरा उपाय नाही.

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांतलं एकाऐवजी दुसरं चालतं का?

नाही. या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या आहेत, पण नवी पिढी म्हणजे जुनीचीच वेगवान आवृत्ती, असं इथे नसतं. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२. खालच्या कडेची खाच प्रत्येकीत वेगळ्या जागी असते, ती मुद्दामच. पट्टी स्लॉटमध्ये बसत नसेल तर जोर लावायचा नाही, चुकीची पट्टी आणलीय असं समजायचं. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१.

साधारण अंदाज असा. २०१५ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपांत डीडीआर३ किंवा डीडीआर३एल, त्यानंतर डीडीआर४, आणि २०२२ पासून हळूहळू डीडीआर५. हा अंदाजच आहे. बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतो, बोर्ड मात्र कोणत्या तरी एकीसाठीच बनवलेला असतो. म्हणून ‘बारावी पिढी आहे ना, मग डीडीआर५’ असं दुकानदार म्हणाला तर मान डोलावू नका.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल एकच ना?

इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर. दोघींच्या पिना तेवढ्याच आणि खाचही त्याच जागी. म्हणजे चुकीची पट्टी मुकाट बसते, क्लिपाही टक् करून लागतात. मी एका जुन्या लॅपटॉपातून काढलेली ४ जीबीची पट्टी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपात घातली आणि स्क्रीन काळीठिक्कर. अर्धा दिवस मी मदरबोर्ड गेला म्हणून हळहळत होतो. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरना १.३५ व्होल्टचीच मेमरी लागते, हे नंतर वाचलं.

उलट बाजूने अडचण सहसा येत नाही, कारण डीडीआर३एल पट्ट्या दोन्ही व्होल्टेजवर चालतील अशाच बनवलेल्या असतात. त्यामुळे जुन्या लॅपटॉपसाठी डोळे मिटून ‘एल’वालीच मागा.

माझ्या लॅपटॉपमध्ये २४०० ची रॅम आहे. ३२०० ची घातली तर?

चालेल, पण २४०० नेच. प्रोसेसर आणि बोर्ड जेवढा वेग झेपतो तेवढाच घेतात. उदाहरणार्थ, २०१७ च्या इंटेल आय५-८२५०यू ला डीडीआर४ ची कमाल मर्यादा २४०० ची आहे, तुम्ही काहीही घाला. बाजारात आता ३२०० ची पट्टी जास्त सहज मिळते आणि बऱ्याचदा २४०० च्या पट्टीपेक्षा महाग नसते, मग तीच घ्या. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. गेमिंगवाल्या काही पट्ट्यांच्या पाकिटावर मोठा आकडा असतो, पण तो वेग एक्सएमपी नावाच्या खास प्रोफाइलवर मिळतो. बहुतेक लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये ते प्रोफाइल सुरू करायची सोयच नसते. मग ती चकाकती पट्टी २१३३ किंवा २४०० वर रेंगाळते. लॅपटॉपसाठी घेताना जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) प्रमाण वेगाने चालणारी साधी पट्टी बघा. डीडीआर४ मध्ये ‘३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट’ असं लिहिलेलं असलं की निश्चिंत (सीएल म्हणजे मेमरीला उत्तर द्यायला लागणारा उशीर).

(सगळे मेगाहर्ट्झ म्हणतात, दुकानातही तेच म्हणा. खरं तर सेकंदाला किती दशलक्ष देवघेवी होतात त्याचा तो आकडा आहे, घड्याळाची गती त्याच्या निम्मी असते. हा वाद काउंटरवर घालण्यात अर्थ नाही.)

आतल्या पट्टीवरच्या स्टिकरचा अर्थ कसा लावायचा?

एवढं एक आलं तर बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात. झाकण उघडलंत की आहे त्या पट्टीचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. स्टिकरवर रोमन अक्षरांत असं काहीतरी दिसेल: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एसए२’.

पहिला भाग क्षमता. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४. ‘पीसी३’ असेल तर डीडीआर३, त्याला ‘एल’ चिकटला असेल तर कमी व्होल्टची, ‘पीसी५’ म्हणजे डीडीआर५. पुढचा आकडा वेगाचा. काही कंपन्या तिथे वेगळाच मोठा आकडा छापतात, उदाहरणार्थ २५६००. घाबरू नका, त्याला आठने भागा: ३२००. तसंच २१३०० म्हणजे साधारण २६६६ आणि १९२०० म्हणजे २४००. एका देवघेवीत आठ बाइट जातात, म्हणून हा आठचा हिशेब.

त्यापुढच्या ‘एसए२’मधलं ‘एस’ हे अक्षर महत्त्वाचं. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. तिथे ‘यू’ असेल तर ती डेस्कटॉपची, ‘आर’ असेल तर सर्व्हरची. ऑनलाइन जाहिरातीतल्या फोटोवर एवढं एक अक्षर जरी वाचलंत तरी पार्सल परत पाठवायचा त्रास वाचतो.

राहिलं ‘१आरएक्स८’. ‘१आर’ म्हणजे एक रँक, चिपांचा एक संच. ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देते. ‘एक्स१६’ असेल तर पट्टीवर मोजक्याच, चारेक चिपा दिसतील. डीडीआर४ मध्ये अशी पट्टी किंचित मंद असते, कारण तिच्या चिपांत बँकांचे, म्हणजे आतल्या कप्प्यांचे, गट निम्मेच असतात. चालते उत्तम. पण सारख्याच किमतीत निवड करायची असेल तर मी ‘एक्स८’ घेतो.

जास्तीत जास्त किती जीबी घालता येईल?

इथे दोन मर्यादा असतात. एक प्रोसेसरची, ती इंटेल किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर त्या प्रोसेसरच्या पानावर मिळते. दुसरी लॅपटॉप कंपनीने लिहिलेली. कंपनीचा आकडा अनेकदा कमी असतो, कारण मॉडेल बाजारात आलं तेव्हा ज्या क्षमतेच्या पट्ट्या मिळत होत्या त्यांवरच चाचणी झालेली असते. वर सांगितलेल्या आय५-८२५०यू ला इंटेलच्या मते ३२ जीबी चालते, तरी तोच प्रोसेसर असलेल्या एखाद्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात १६ किंवा १२ सापडेल. तिथे बहुतेकदा जास्त चालून जातं. पण ‘बहुतेकदा’ला गॅरंटी नसते, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपात मात्र धाडस करू नका. तिथे एका स्लॉटला ८ जीबी ही खरीखुरी भिंत आहे. १६ जीबीची एक पट्टी घालून मशीन सुरूच होणार नाही.

किती पुरेल? कागदपत्रं, बँकेची कामं, मुलांचे ऑनलाइन तास एवढंच असेल तर ८. ऑफिसचं काम, भरपूर टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र असतील तर १६. ३२ कुणाला लागतं ते त्यांना आधीच माहीत असतं: व्हिडिओ एडिटिंगवाले, व्हर्च्युअल मशीन चालवणारे आणि दोन-तीन डेटाबेस एकदम उघडून बसणारे.

१६ जीबीची एक पट्टी घ्यावी की ८ च्या दोन?

दोन. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम माहिती ओढतो, याला ड्युअल चॅनल म्हणतात. टायपिंग करताना फरक कळणार नाही, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपात गेम खेळताना किंवा एडिटिंग करताना चांगलाच कळतो. तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर जगत असतं. पुढे ३२ करायचं नक्की असेल तर मात्र आज १६ ची एक घेऊन ठेवणं व्यवहाराचं.

४ जीबी बोर्डावर झाळलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. किती घालू?

माझ्या मावसभावाचा हाच प्रश्न होता. ‘चारला चारच जुळतात ना?’ असं तो म्हणत होता. ४ घातली तर जोडी अचूक जमते, पण एकूण ८ वरच अडकता. आम्ही ८ घातली, एकूण १२ झाले. इंटेलच्या मशीनमध्ये अशा वेळी पहिले ४ अधिक ४ जोडीने चालतात आणि उरलेले ४ एकट्या वाटेने. म्हणजे नुकसान काहीच नाही. बोर्डावरची रॅम कोणत्या पिढीची आणि वेगाची आहे ते सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रामात दिसतं, त्यालाच जुळती घ्यायची.

वेगळ्या कंपनीची पट्टी जोडीला चालते का?

पिढी, व्होल्टेज आणि जमल्यास वेग सारखा असेल तर बहुतेकदा चालते. पट्टीवरचं नाव कुठलंही असलं तरी आतल्या चिपा मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच असतात. एखादी जोडी मात्र विनाकारण पटवून घेत नाही, पत्रिका छत्तीस गुणांनी जुळूनही. म्हणून पुन्हा तेच, परत करायची सोय बघूनच घ्या.

स्वस्तात सर्व्हरची किंवा डेस्कटॉपची रॅम मिळतेय, घेऊ का?

नको. डेस्कटॉपची पट्टी जवळपास दुप्पट लांब असते, आत शिरणारच नाही. सर्व्हरच्या रॅममध्ये सहसा ईसीसी, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करायची सोय असते, आणि तशी रॅम मोजक्या वर्कस्टेशन लॅपटॉपांनाच चालते.

१६ जीबी घातली, पण विंडोज १३.९ च वापरण्याजोगी दाखवतं. पट्टी खोटी आहे का?

नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी थोडी रॅम बाजूला काढून ठेवलेली असते. एएमडीच्या काही लॅपटॉपांत हा वाटा दोन जीबी किंवा त्याहूनही जास्त असतो. मोठी तफावत असेल, म्हणजे जुन्या लॅपटॉपात ८ घालून सव्वातीन-साडेतीनच दिसत असतील, तर विंडोज ३२-बिटचं आहे. ६४-बिटचं टाकावं लागेल.

झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का?

कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रॅम हा ग्राहकाने बदलण्याजोगा भाग म्हणून दिला असेल तर सहसा प्रश्न येत नाही. स्क्रूवर कागदी सील चिकटवलेलं असेल तर आधी कस्टमर केअरला विचारा, आणि ईमेलने विचारा. फोनवर दिलेलं आश्वासन नंतर कुणालाच आठवत नाही.

घ्यावी कुठून? किंमत इतकी का वाढलीय?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, इतर शहरांतही अशी एखादी गल्ली असतेच. तिथे जायचा फायदा हा की लॅपटॉप सोबत नेता येतो, समोर बसवून, चालू करून बघता येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर पट्टीचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. नामवंत कंपन्या रॅमवर अनेक वर्षांची, काही तर आयुष्यभराची वॉरंटी देतात, त्यामुळे बिलावाचून वाचवलेले दोनशे रुपये महागात पडतात.

किमतीचं म्हणाल तर २०२५ च्या उत्तरार्धापासून त्या झपाट्याने चढल्या. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना मेमरी अफाट लागते आणि कारखाने आधी त्यांची मागणी पुरवतात. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुन्या लॅपटॉपातून काढलेली पट्टी घेणं मला गैर वाटत नाही. रॅम सहसा झिजत नाही. फक्त पिना काळवंडलेल्या नाहीत ना ते बघा आणि समोर चालवून घ्या.

घरी बसवताना काय सांभाळायचं?

पूर्ण बंद करा, स्लीप नव्हे. चार्जर काढा. झाकण उघडल्यावर बॅटरीची वायर बोर्डावरून सुटी करता येत असेल तर ती आधी काढा. नायलॉनच्या कपड्यात, गालिच्यावर बसून हे काम करू नका. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली वीज घालवा आणि पट्टी कडेला धरा. दोन बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की जुनी पट्टी आपोआप तिरकी वर येते. नवी पट्टी तशीच तिरकी, साधारण तीस अंशांत, पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा. सोनेरी पिनांची रुंद पट्टी बाहेर दिसत असेल तर ती पुरती गेलेली नाही. रॅम न चालण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

झाकणाचे स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर खुणा करून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरच्या बाजूला टेंगूळ येतं.

बसवली, बटण दाबलं, स्क्रीन काळीच. आता?

आधी थांबा. नवी मेमरी ओळखायला बोर्डाला पहिल्या वेळी वेळ लागतो, डीडीआर५ मध्ये तर काही मिनिटंही. पंखा फिरतोय आणि दिवा लागलाय तोवर बटण दाबून बंद करू नका. पाच-दहा मिनिटांनीही काही हललं नाही तर बंद करून पट्टी काढून पुन्हा बसवा. मग एकटी नवी पट्टी घालून बघा, मग एकटी जुनी, मग स्लॉट बदलून. एकेकटी चालतात पण एकत्र नाही, तर जोडी जमत नाही. नवी एकटीही चालत नाही, तर परत करा. मधल्या काळात लॅपटॉप कंपनीचं नवं बायॉस टाकून बघायला हरकत नाही. २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ पट्ट्या २०२३ मध्ये आल्या, त्याआधीच्या मशीनना तर त्यासाठी ते बहुधा लागतं.

सुरू झालं तरी रात्रभर मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा फुकट प्रोग्राम चालवून ठेवा. एकही चूक दाखवली तरी पट्टी बदलून घ्यायची. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडलेली चूक पुढे ऐन कामात निळ्या स्क्रीनच्या रूपात परत येते.

काढलेल्या जुन्या पट्टीचं काय करायचं?

लगेच विकू नका. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर दुरुस्तीला देताना जुनीच बसवून द्या आणि नवी घरी ठेवा, म्हणजे ‘बाहेरची रॅम घातलीत म्हणून बिघडलं’ असं कुणी म्हणायला नको. वॉरंटी संपली की मग पाकिटावर पिढी, जीबी आणि वेग लिहून खणात टाका. माझ्या खणात अशा सहा आहेत, आणि त्यातली १.५ व्होल्टची ती एक अजून कुणालाच लागलेली नाही.